अण्णाभाऊंना पास-नापास करणारे तुम्ही कोण?

ऑगस्ट महिना उजाडला की वस्त्यावस्त्यांतून अण्णाभाऊंचे फलक लागतात. लाल फेटा, करारी चेहरा, मागे कुठेतरी डफ आणि लेखणी. फलकावर अण्णाभाऊंपेक्षा स्थानिक पुढाऱ्यांचे चेहरे मोठे. मिरवणूक निघते, डीजे वाजतो, गुलाल उधळला जातो आणि दुसऱ्या दिवशी फलक उतरतो. जुलैच्या १८ तारखेला स्मृतिदिन असतो, तो तर अनेकांच्या लक्षातही राहत नाही. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मराठीचे प्राध्यापक, समीक्षक आणि वाङ्मयाचे इतिहासकार. त्यांच्या जाडजूड ग्रंथांतून अण्णाभाऊंच्या वाट्याला वर्षानुवर्षे आली ती एखाद्या परिच्छेदाची भीक. त्यातही प्रचारकी, भडक, अद्भुतरम्य, रंजनप्रधान असे शिक्के मारून विषय संपवलेला. म्हणजे एकीकडे न वाचता डोक्यावर घेणारे आणि दुसरीकडे न वाचता पायाखाली घालणारे. या दोघांच्या मध्ये अण्णाभाऊ साठे नावाचा लेखक गेली कित्येक वर्षे उभा आहे.

आम्ही आधीच कबूल करतो की आम्ही अण्णाभाऊंचे चाहते आहोत. समीक्षक नाही. सौंदर्यशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. पण ज्या माणसाचे पुस्तक वस्तीतल्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरताना मुखपृष्ठ गळून पडेपर्यंत वाचले गेले, ज्याची कथा कंदिलाच्या उजेडात एकाने मोठ्याने वाचायची आणि दहा जणांनी ऐकायची अशी रीत होती, त्याच्याविषयी मत देण्याचा अधिकार फक्त पदवीधारकांचा आहे हे आम्हाला मान्य नाही. म्हणून आज अण्णाभाऊंचे आयुष्य पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालू आणि त्यांच्या कलेचा हिशेब आपल्याच पद्धतीने मांडू.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वाळवा तालुक्यातले हे गाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. जात मांग. आईचे नाव वालुबाई. त्या काळी इंग्रज सरकारने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता त्यांत मांगांचाही समावेश होता. माणूस जन्माला आला की तो आपोआप संशयित. पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, परगावी जायचे तर परवानगी घ्यायची. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेली ही मानहानी अण्णाभाऊंनी पुस्तकात वाचली नव्हती, ती त्यांनी घरात आणि मांगवाड्यात पाहिली होती. शाळेत ते गेले, पण तिथला अनुभव इतका कडू होता की दीड दिवसातच त्यांनी शाळेला रामराम ठोकला. ज्या माणसाच्या साहित्यावर आज विद्यापीठांतून पीएच.डी. मिळवली जाते, त्या माणसाला या व्यवस्थेने दीड दिवसही धड शाळेत बसू दिले नाही, हे समीक्षकांनी आपल्या टेबलावर लिहून ठेवावे.

१९३१-३२ च्या सुमारास दुष्काळ आणि दारिद्र्य यांना कंटाळून साठे कुटुंब वाटेगावहून मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून पायी निघाले. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे, पुढे चालायचे. मुंबईत भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत आसरा मिळाला. पोरसवदा तुकारामाने हमाली केली, पडेल ती मोलमजुरी केली, पुढे गिरणीत काम केले. आणि याच मुंबईत त्याला दोन नाद लागले. एक सिनेमाचा आणि दुसरा सभांचा. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे पाहून त्यांनी अक्षरे जुळवली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. भद्र समाजाचा लेखक अमरकोश आणि रघुवंशातून घडतो. आमचा लेखक घडला तो सिनेमाच्या पोस्टरातून. ज्याला हे लोक बाजारू, हलके, गल्लाभरू म्हणून हिणवतात त्याच लोकप्रिय कलेच्या भिंतीवर आमच्या माणसाने पाटी-पेन्सिल ठेवली. म्हणजे अण्णाभाऊ हे लेखक होण्याआधी प्रेक्षक होते. कलावंत होण्याआधी चाहते होते. पिटातल्या माणसाला काय आवडते, त्याला कुठे हसू येते, कुठे तो डोळे पुसतो, हे त्यांना शिकवावे लागले नाही. ते स्वतः त्या पिटातलेच होते.

गिरणीतले काम सुटल्यावर ते गावी परतले आणि त्यांचे भाऊबंद बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात सामील झाले. मांगाच्या पोराला तमाशा नवा नव्हता. हलगी, डफ, ढोलकी ही वाद्ये या समाजाच्या हातातच वाढली. पण वाद्य आमचे, गळा आमचा, घाम आमचा आणि नाव मात्र दुसऱ्याचे, हा या महाराष्ट्राचा जुना रिवाज. फडातल्या त्या दिवसांनी अण्णाभाऊंना रंगमंचाचे सारे डावपेच शिकवले. बतावणी कशी रंगवायची, सोंगाड्याने कुठे थांबायचे, हजार माणसांचा जमाव एका शब्दावर कसा उठवायचा आणि एका शब्दावर कसा बसवायचा. याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या भाषणांचा त्यांच्यावर ठसा उमटला आणि १९४२ च्या धामधुमीनंतर ते पुन्हा मुंबईला आले.

माटुंग्याचा लेबर कॅम्प हे त्यांचे खरे विद्यापीठ. तिथे दलित कामगारांची दाट वस्ती होती. बाबासाहेबांचा विचार आणि कामगार चळवळीचा लाल बावटा, दोन्ही तिथे शेजारी शेजारी नांदत होते. अण्णाभाऊ कम्युनिस्ट पक्षात होते, ही गोष्ट लपवण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. लेबर कॅम्पातल्या डासांवर त्यांनी केलेले गाणे ही त्यांच्या शाहिरीची सुरुवातीची कामगिरी म्हणून सांगितली जाते. चंद्र, चांदणे आणि प्रेयसीची बट यांवर कविता करणाऱ्यांना डासांवरचे गाणे हास्यास्पद वाटेल. पण ज्याच्या उशाला गटार आहे त्याच्या आयुष्यात चंद्रापेक्षा डास मोठा असतो. पुढे त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावर रचला. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला तेव्हा त्या हुतात्म्यांचा पोवाडा रचला. फाळणीच्या दंगलींवर रचला. ज्या काळात मराठी साहित्याचे मान्यवर कलेसाठी कला की जीवनासाठी कला यावर चहाच्या कपात वादळे उठवत होते, त्या काळात अण्णाभाऊ मैदानात उभे राहून त्या वादाचे उत्तर डफावर देत होते.

१९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. एक मांग, एक मुसलमान आणि तिसरा त्यांच्याच जोडीचा गडी, असे हे तिघे. अण्णाभाऊंची रचना आणि अमर शेखांचा पहाडी आवाज. लाउडस्पीकर बंद पडला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जाईल असा तो गळा. गिरणगावातल्या चाळी, शेतकऱ्यांच्या परिषदा, संपाच्या सभा, कुठे म्हणून हे पथक गेले नाही? ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘पुढारी मिळाला’, ‘मूक मिरवणूक’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही त्यांची वगनाट्ये त्या काळातल्या कष्टकऱ्यांची वर्तमानपत्रेच होती. सावकार, शेठ, काळाबाजारवाला, टोपी घालून फिरणारा ढोंगी पुढारी, सगळे तिथे उघडे पडत. प्रेक्षक हसून हसून लोळत आणि घरी जाताना मुठी आवळून जात.

पण अण्णाभाऊंचे मोठेपण केवळ विषय बदलण्यात नाही. त्यांनी तमाशाचा साचाच मोडला. पारंपरिक तमाशाची सुरुवात गणाने होते, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने. मग गवळण, म्हणजे कृष्ण आणि गोपींची छेडछाड. अण्णाभाऊंनी गणातला गणपती बाजूला केला आणि तिथे मातृभूमी, श्रमिक आणि हुतात्मे यांना वंदन घातले. गवळण तर काढूनच टाकली. नाचणाऱ्या बाईची टवाळी करून टाळ्या मिळवणे त्यांना नको होते. आंबेडकरी जलशांनीही हेच केले होते. भीमराव कर्डकांच्या जलशाने देवाला स्टेजवरून उतरवून तिथे बाबासाहेबांचा विचार उभा केला होता. सत्यशोधकी जलशापासून चालत आलेली ही आपली परंपरा आहे. अण्णाभाऊ त्या परंपरेचेच वारस, त्यांच्या हातातला झेंडा काही काळ लाल असला तरी.

इथे बाबासाहेबांचा एक प्रसंग आठवणे भाग आहे. पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, हे चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. आमच्या आयाबहिणींना नाचवून मिळालेला पैसा आमच्या मुक्तीच्या कामाला नको, ही त्यामागची भूमिका होती. चळवळीला पैशाची किती निकड होती हे लक्षात घेतले म्हणजे त्या नकाराचे वजन कळते. आमच्या मते लोकप्रिय कलेची मराठीतली सर्वात कठोर आणि सर्वात न्याय्य समीक्षा तीच. कला किती रंगली, लावणी किती ठसकेबाज होती, हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला नाही. ती कोणाच्या देहावर आणि कोणाच्या अब्रूवर उभी आहे, हा प्रश्न विचारला. अण्णाभाऊंनी हाच प्रश्न तमाशाच्या आत शिरून विचारला. त्यांच्या ‘वैजयंता’ कादंबरीची नायिका तमाशा कलावंतीण आहे. ती कोणाच्या माडीवरची शोभा नाही, ती माणूस आहे, कष्टकरी आहे, स्वाभिमानी आहे. ज्या बाईकडे साऱ्या महाराष्ट्राने शिट्ट्या मारत पाहिले तिच्याकडे मान देऊन पाहणारी ही कादंबरी आहे.

आता समीक्षकांकडे आणि सरकारकडे वळू. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई राज्याच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण काय, तर अश्लीलता. मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली. विचार करा, तमाशा कोणाचा? मांगांचा, महारांचा, कोल्हाट्यांचा. त्याला सुधारणार कोण? तर महामहोपाध्याय! पोतदारांच्या विद्वत्तेबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण दुखणे एकाचे आणि नाडी तपासणारा दुसऱ्याच गावचा, असा हा प्रकार होता. सरकारचा रोख केवळ अश्लीलतेवर होता असेही मानण्याचे कारण नाही. लाल बावटा कलापथकही बंदीच्या कचाट्यात सापडले, आणि त्यात तर गवळणसुद्धा नव्हती. शेटजींची पोलखोल ही खरी अश्लीलता ठरली होती. अण्णाभाऊ थांबले नाहीत. तमाशाला बंदी असेल तर हे लोकनाट्य आहे म्हणून त्यांनी खेळ चालू ठेवले. मराठी रंगभूमीला लोकनाट्य हा शब्द रुळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पुढे काय झाले ते पाहा. हेच लोकनाट्य सुशिक्षितांच्या हाती गेले. १९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले आणि दादा कोंडक्यांनी ते गाजवले. त्या मंडळींच्या कर्तृत्वाला आम्हाला नावे ठेवायची नाहीत, त्यांनी लोकांना मनमुराद हसवले. पण तिकीट काढून नाट्यगृहात बसलेल्या पांढरपेशा प्रेक्षकासमोर जेव्हा वग आला तेव्हा समीक्षकांना त्यात अचानक परंपरेचे नवसर्जन दिसू लागले. वीस वर्षे आधी तेच काम कामगार मैदानात, धुळीत, पोलिसांचा ससेमिरा चुकवत करणाऱ्या अण्णाभाऊंना मात्र प्रचारकी हा एकच शिक्का! कला तीच, सोंगाड्या तोच, ढोलकी तीच. मग फरक पडला तो कशात? प्रेक्षागृहात की प्रेक्षकाच्या जातीत?

अर्थात सगळेच आंधळे होते असे आम्ही म्हणणार नाही. १९४९ साली अलाहाबादच्या अधिवेशनात ‘इप्टा’ या अखिल भारतीय नाट्यसंघटनेने अण्णाभाऊंना अध्यक्षपद दिले. ज्या संघटनेत देशातले नामवंत नट, लेखक, संगीतकार होते तिने दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाला आपल्या शिरोभागी बसवले. वि. स. खांडेकरांसारख्या मान्यवर लेखकाने ‘फकिरा’ला प्रस्तावना लिहिली. शासनाने १९६१ साली त्या कादंबरीला पुरस्कार दिला. पण पुरस्कार देणे वेगळे आणि पंक्तीला बसवणे वेगळे. आपल्याकडे सत्कार ओट्यावर होतो आणि जेवण अंगणात वाढले जाते.

‘फकिरा’ प्रसिद्ध झाली १९५९ साली. ती अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. अण्णाभाऊ कोणाचे, असा वाद घालणाऱ्यांनी पुस्तकाचे पहिले पान तरी उघडून पाहावे. वाटेगावच्या मांगवाड्यातला फकिरा दुष्काळात आपली माणसे भुकेने मरताना पाहतो. धान्य लुटतो, खजिना लुटतो, इंग्रजी सत्तेला आव्हान देतो. शेवटी पकडलेल्या आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतः सत्तेच्या हवाली होतो. समीक्षकांची तक्रार अशी की हा नायक फार शूर आहे, फार उदात्त आहे, तो अद्भुत वाटतो. आम्ही विचारतो, राजेरजवाड्यांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतले नायक घोड्यावरून खाली तरी उतरतात काय? तिथे शौर्य अस्सल आणि आमच्या मांगाचे शौर्य तेवढे अद्भुत? ज्या समाजाला कायद्यानेच गुन्हेगार ठरवले होते त्या समाजातल्या माणसाला नायक करणे हाच एक निकाल होता. इंग्रजांच्या न्यायालयात जो खटला चाललाच नाही तो अण्णाभाऊंनी कादंबरीत चालवला आणि आरोपीला निर्दोष सोडले.

आणि सारेच लिखाण शौर्याचे आहे असेही नाही. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा ज्याने वाचली तो विसरू शकत नाही. खाणीचे काम बंद पडलेला भीमा प्रेतांच्या राखेत सोन्याचा कण शोधू लागतो. पुढे ताजी मढी उकरतो, कोल्ह्यांशी झुंजतो. प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात आणि ती कायमची जातात. आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू होते. यात कुठला प्रचार आहे? घोषणा कुठे आहे? बेकारी माणसाला कुठवर नेते हे इतक्या थंडपणे सांगणारी कथा मराठीत किती आहेत ते समीक्षकांनीच मोजून सांगावे. ‘सापळा’ ही कथाही अशीच. मेलेली जनावरे ओढायला नकार देणारे महार आणि त्यांच्यावर उलटलेला गाव. लेखक मांग, नायक महार आणि प्रेरणा बाबासाहेब. आज आमच्या दोन समाजांत भिंती उभ्या करणाऱ्यांनी ही कथा एकदा जाहीर वाचून दाखवावी.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार त्यांनी तिथे मांडला. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन सव्वा वर्ष झाले होते. त्या पोरकेपणात दलित लेखकांनी स्वतःचे व्यासपीठ उभे केले आणि त्याची पहिली ज्योत अण्णाभाऊंच्या हातून पेटली. बाबासाहेबांवर त्यांनी लिहिलेले ते गीत तर आज प्रत्येक भीमजयंतीला वाजते. ते कोणाचे आहे हे माहीत नसणारेही ते पाठ म्हणतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैनेची छक्कड गाऊन त्यांनी सारा मुलूख पेटवला. विरहिणीच्या गाण्यातून त्यांनी तुटलेल्या सीमाभागाचे दुःख सांगितले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. मंगल कलश आला, सत्कार झाले, आणि शाहीर आपल्या घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत परत गेला.

त्या झोपडीतून पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, पोवाडे, वग, नाटक बाहेर पडले. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. चित्रपटसृष्टीलाही त्यांच्या कथांचा सुगावा लागला होता. १९६१ साली गजानन जागीरदारांनी ‘वैजयंता’ पडद्यावर आणली. १९६३ साली ‘फकिरा’ आला. १९६९ च्या सुमारास ‘आवडी’वरून ‘टिळा लावते मी रक्ताचा’, ‘माकडीचा माळ’वरून ‘डोंगरची मैना’ आणि ‘चिखलातील कमळ’वरून ‘मुरली मल्हारीरायाची’ हे चित्रपट निघाले. १९७० साली ‘वारणेचा वाघ’ आणि १९७४ साली ‘अलगुज’वरून ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ आला. ही नावेच पाहा. ‘माकडीचा माळ’ ही भटक्या-विमुक्तांच्या पालांवरच्या जगण्याची कादंबरी, तिची झाली ‘डोंगरची मैना’! ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली तुफान चालल्यापासून मराठी पडद्याला लावणी आणि पाटील यांची चटक लागली होती. अण्णाभाऊंच्या कथेतली नायिका त्या पडद्याला हवी होती, तिच्या पोटातला अंगार नको होता, असे आमचे मत आहे. तरीही हे चित्रपट जत्रेतल्या तंबूत लोकांनी गर्दी करून पाहिले, कारण पडद्यावर उशिरा का होईना आपल्यासारखी माणसे हलत-बोलत होती.

चाहत्याने दोष झाकू नयेत, म्हणून आम्ही तेही सांगतो. अण्णाभाऊंच्या साऱ्याच कादंबऱ्या ‘फकिरा’च्या तोडीच्या नाहीत. काही घाईने लिहिल्या आहेत. तोच खलनायक, तोच पाठलाग, तोच शेवट पुन्हा पुन्हा येतो. नायिका अनेकदा एकाच मुशीतून काढल्यासारख्या दिसतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण समीक्षक हा दोष दाखवून थांबतात, त्याचे कारण शोधत नाहीत. महिन्याचा पगार घेऊन वर्षाला एक कथा कोरीत बसणे वेगळे आणि चुलीत लाकूड घालण्यासाठी कादंबरी पुरी करणे वेगळे. लेखणी हेच ज्याचे हातावरचे पोट होते त्याच्या प्रत्येक ओळीला संगमरवराचा गुळगुळीतपणा कुठून येणार? आणि ज्याला जनतेची कदर आहे त्याचीच जनता कदर करते, अशी ज्याची धारणा होती, त्याने लिहिताना समोर समीक्षक बसवलाच नव्हता. समोर बसला होता दिवसभर राबून आलेला, अक्षरे बोटाने जोडत वाचणारा माणूस. त्याला कळावे, त्याला धरून ठेवावे, त्याला उद्या कामावर जायचे बळ मिळावे, हे त्या लेखनाचे मोजमाप. त्या मापाने तपासले तर अण्णाभाऊ कुठे बसतात ते सांगायला आम्हाला प्राध्यापकाची गरज नाही.

शेवटची वर्षे मात्र हालाखीत गेली. संसार विस्कटला, प्रकृती ढासळली, व्यसनाने घेरले, माणसे पांगली. १९६८ मध्ये सरकारने गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर दिले, पण ते घर भोगायला आयुष्य उरले नव्हते. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, अण्णाभाऊ गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेखही गेले. एकाच पावसाळ्यात शब्द आणि आवाज दोन्ही थांबले.

मेल्यावर मात्र मानाची रीघ लागली. त्यांच्या नावाने महामंडळ निघाले, शासनाने निवडक वाङ्मय छापले, १ ऑगस्ट २००२ रोजी टपाल तिकीट आले, १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोत पुतळा उभा राहिला. पुतळा झाला याचा आम्हाला आनंद आहे. पण पुतळा बोलत नाही, म्हणूनच तो सर्वांना आवडतो. ज्यांच्या पूर्वसुरींनी तमाशावर बंदी घातली तेही हार घालतात. ज्यांना गणाविना उभे राहिलेले लोकनाट्य आजही खुपेल तेही हार घालतात. आणि आपण? आपल्यातले काही म्हणतात ते कम्युनिस्ट होते, आपले नव्हेत. काही म्हणतात ते फक्त मांगांचे. १ ऑगस्ट २०२४ रोजी, नेमक्या त्यांच्या जयंतीदिवशी, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यावर आपल्या समाजांत मते वेगवेगळी आहेत आणि ती मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. पण त्या वादात कोणी अण्णाभाऊंना बाबासाहेबांसमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे करत असेल तर त्याने ‘फकिरा’ उघडलेली नाही, हे आम्ही खात्रीने सांगतो.

समीक्षकांना आमचे एवढेच सांगणे आहे की अण्णाभाऊंना पास-नापास करायचे दिवस संपले. त्यांना वाचून तुमच्या फूटपट्ट्या तपासून घ्या. आणि आपल्या कार्यकर्त्यांना सांगणे असे की वर्गणीतले निम्मे पैसे डीजेला जात असतील तर उरलेल्या निम्म्यातून पुस्तके घ्या. विहारात, समाजमंदिरात, मांगवाड्यात, बौद्धवाड्यात ती ठेवा. जयंतीच्या आधीच्या आठ रात्री, रोज एक कथा, कोणीतरी मोठ्याने वाचा. महाराच्या पोराने ‘स्मशानातील सोनं’ वाचावे आणि मांगाच्या पोरीने ‘सापळा’ वाचावा. ऐकणाऱ्यांनी आपले मत बेधडक सांगावे, आवडले तर आवडले, नाही तर का नाही. पिटातल्या माणसाने दिलेला निकाल अण्णाभाऊंनी आयुष्यभर शिरोधार्य मानला. तो निकाल देण्याची सवय आपणच सोडून दिली, म्हणून दुसऱ्यांचे निकाल आपल्यावर लादले गेले. यंदा फलक थोडा लहान झाला तरी चालेल. जयभीम!